चौदा किंवा पंधरा

तवसाळच्या बाजूने उतरताना मी पायऱ्या मोजते.
लहानपणची खोड.
आज सतरा उघड्या,
खालच्या सहा शेवाळलेल्या, कडांना कालवं,
चपला हातात घेऊन उतरायच्या.
तळाशी अब्दुल्ला होडेकरांची होडी
चिखलाला टेकायच्या बेतात.

मशीन बिघडलंय. वल्ही पुतण्याकडे,
म्हणजे पाऊण तास.
मधल्या पाऊण तासात भरती लागते.
चढताना पाणी आवाज करत नाही,
खडपावरचा बगळा तेवढा
एक पाय उचलून मागच्या दगडावर जातो.

पलीकडचा धक्का याच गवंड्यानं बांधला,
याच उंचीचा. पण तिथं
चढायला चौदाच.
सतरा उतरले, चौदा चढले.
तीन पायऱ्यांचा दम
माझ्या गुडघ्यांत शिल्लक राहिला
आणि तो मी कमावलेला नव्हता.

माझी नोकरी एवढीच आहे, होडेकर.
एक जुना उजेड आहे,
पुस्तकात त्याला पार्श्वप्रारण म्हणतात,
आई त्याला ‘तुझा तो शिळा उजेड’ म्हणते.
तेराशे ऐंशी कोटी वर्षं चाललाय.
वाटेत दीर्घिकांची दाटी लागते,
तिच्या वजनानं पडलेल्या खळग्यात तो उतरतो,
पलीकडे पोचायला कोट्यवधी वर्षं.
तेवढ्यात कुणीतरी
अवकाश ताणत बसलेलं असतं,
खळगा उथळ होतो,
आणि चढताना त्याला
तीन पायऱ्या कमी पडतात.
तेवढा तो ऊबदार निघतो.
ओसाड पोकळीतून आलेला तेवढाच गारठून.

किती?
अंशाचा लाखावा भाग. तोही धड नाही.
एका खळग्यापाशी बसून काहीच दिसत नाही,
उजेडाचे स्वतःचे जन्मडाग त्याहून कितीतरी ठळक,
जसं लाटांच्या खळबळीत
एका नजरेत भरती कळत नाही.
म्हणून दुर्बिणीनं टिपलेल्या
काही कोटी दीर्घिकांचा नकाशा
त्या उजेडाच्या नकाशावर अंथरायचा
आणि विचारत राहायचं,
जिथं गर्दी तिथं ऊब आहे का?
जिथं गर्दी तिथं ऊब आहे का?

होडेकर तंबाखू मळायचे थांबले.
“त्या उजेडानं उतरताना पायऱ्या मोजल्यान काय?”
नाही.
“मग तुमाला कसं कळतं गो?”
ज्याच्या वाटेत खळगा आला नाही
त्या उजेडाशी ताडून.
“म्हणजे भातगावच्या पुलावरनं फिरून येतात, त्यांच्याशी.”

इतकं नेमकं
मला प्रबंधाच्या दोनशे पानांत जमलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, ताणतंय कोण.
मी म्हटलं, कृष्णऊर्जा.
नाव आहे. नावामागे काय आहे
ते ठाऊक नाही.
त्यांनी मान हलवली, जशी ते
मच्छी खात्याच्या माणसापुढे हलवतात.

खात्री विचाराल तर
बहुतेक आहे. पूर्ण नाही.
होडेकरांनी चाळीस वर्षं
रोज चार फेऱ्या मारल्या,
अमावास्येच्या, अष्टमीच्या, वाऱ्याच्या, बिनवाऱ्याच्या.
माझ्याकडे आकाश एकच.
ते मोजून संपलं की
पलीकडच्या धक्क्यावर
दुसरं आकाश बांधून ठेवलेलं नसतं.

होडी लागली. डबा सांभाळत मी वर आले,
आईनं दिलेली कालवं, मीठ लावलेली.
वर पोचून म्हटलं, चौदा.
पुतण्या खालूनच ओरडला, “पंधरा!
एक पाण्यात बुडालेली होती,
तू तिच्यावर पाय ठेवलास की!”

खाली वाकून बघितलं.
तोवर आणखी एक गेली होती.

वहीच्या कडेला लिहिलं,
चौदा किंवा पंधरा,
आणि एसटीकडे पळाले.